कूलरसमोरचं टेकाड

मी बाहेर कुठंतरी दारू पिते आणि वरून बोंबील खाते, असा संशय आमच्या घरात सगळ्यात आधी मायला आला. माय माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि मी तिची थोरली लेक, एम.एस्सी. झालेली, कॉलेजात सरांच्या हाताखाली संशोधन करणारी. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की माय स्वयंपाकघरातून नाकाला पदर लावूनच बाहेर यायची. "शके, खरं सांग. कुठं जेवली वं?" "कुठीच नाही." "मंग हा बोंबलाचा वास काऊन येऊन राह्यला?" तेवढ्यात बाबा दुकानातून यायचे. बाबांचं मलकापुरात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर सरकी-ढेपेचं दुकान. त्यांच्या स्वतःच्या अंगाला ढेपेचा असा दर्प की गल्लीतल्या म्हशी त्यांच्या मागं मागं यायच्या. पण तेही हवेत नाक वर करून म्हणायचे, "बोंबील नाही वाटत मले. हे तं देशीवानी येऊन राह्यलं." झालं! म्हणजे पोरगी पितेही आणि खातेही.

आता इतक्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, दोघांचीही नाकं अगदी शाबूत होती. मी दिवसभर अल्कोहोल आणि अमीन एकमेकांत मिसळत बसायची. अल्कोहोल म्हणजे पिण्यातलं नव्हे हो. ब्युटाइल अल्कोहोल, घोटभर प्यायलं तर माणूस थेट दवाखान्यात. आणि अमीन म्हणजे अमोनियाच्या घराण्यातलं. मासा शिळा झाला की जो वास सुटतो तो याच घराण्याचा. एक थेंब ओढणीवर पडला की तीन दिवस मुक्काम. साबण झाला, सोडा झाला, उन्हात वाळवणं झालं, वास हटेना. शेवटी मायनं तांब्याची भांडी घासायच्या चिंचेच्या कोळात ओढणी बुचकळली आणि वास गेला. पार गेला! आंबटानं अमीनला धरून त्याचं मीठ केलं होतं, आणि एवढं साधं रसायन मला सुचलं नव्हतं. मी तोंड वासून बघत राहिले तर माय म्हणाली, "त्यात काय! आंबट लावलं की मासोयीचा वास जातेच." मी हळूच विचारलं, "माय, तू तं माळकरी. मंग तुले कसं मालूम?" मायनं ओढणी करकचून पिळली. तिचं माहेर पूर्णा नदीच्या काठावरचं, हे मला तेव्हा आठवलं. "माहेरच्या गोष्टी सासरी काढत नसतात," असं म्हणून तिनं मला चोथा फेकायला परसात पिटाळलं, आणि त्या दिवसापासून माझ्यावरचा संशय घरात कुणी मोठ्यानं बोलून दाखवला नाही.

हा सगळा उद्योग चालला होता तो इंगळे सरांसाठी. सर बीबी गावाकडचे, शेतमजुराच्या घरातले, पन्नाशीला टेकलेले, उंच आणि जरा वाकलेले. भौतिकशास्त्र शिकवायचे ते असं की मागच्या बाकावरची पोरंही झोपायची विसरत. पीएच.डी. करत होते अकरा वर्षांपासून. पहिली काही वर्षं उपकरणं मिळेनात, मग मार्गदर्शक बदलले, मग दोन मुलींची लग्नं, असं करत करत अकरा. स्टाफरूममध्ये सर आत आले की आमचे प्राचार्य खुर्चीतूनच हात लांब करून म्हणायचे, "या, डॉक्टर!" आणि सगळी स्टाफरूम हसायची. सरही हसायचे. त्यांच्या घरी बैठकीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी भिंतीत एक दणकट खिळा होता. बाईंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, अकरा वर्षांपूर्वी तो पदवीची फ्रेम लावायला ठोकून घेतला होता. फ्रेम येईपर्यंत त्यावर कॅलेंडर लटकायचं, दर वर्षी नवं. आणि त्या वर्षी विद्यापीठाचं पत्र आलं होतं: जुलैअखेर प्रबंध सादर करा, नाहीतर नोंदणी रद्द. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेवढं आयुष्य कुठून आणायचं? सर ते पत्र खिशात घेऊन फिरायचे.

आता आमचं काम काय ते सांगते, घाबरू नका. अल्कोहोलच्या रेणूला एक हात असतो असं समजा, अमीनच्या रेणूलाही एक. वेगवेगळे ठेवले तर जो तो आपल्याच जातवाल्याचा हात धरून बसतो. एकत्र केले की परक्याचाही धरतो. किती धरतो, कोणत्या प्रमाणात मिसळल्यावर जास्त धरतो, हे शोधायचं. "शकुंतला, रेणूले जमते हे. मानसाले जमत नाही," असं सर म्हणायचे आणि मिश्कील हसायचे. हे पाहायच्या आमच्याकडं दोन तऱ्हा होत्या. एक विजेची: स्टीलची दोन नळकांडी, एकात एक, त्याला सेल म्हणायचं, मधल्या फटीत द्रव ओतायचं, वीज लावायची आणि द्रवाचे रेणू विजेच्या ओढीनं किती वळतात त्याचा आकडा काढायचा. तो आकडा म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक. कानाला हेडफोन लावायचा, त्यात बारीक शिट्टी वाजायची, आणि ती विझेपर्यंत बटण फिरवत राहायचं. अजूनही कुठं कुकरची शिट्टी लांबली की माझी बोटं आपोआप बटण शोधतात. दुसरी तऱ्हा प्रकाशाची: रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब ठेवायचे आणि दुर्बिणीतून अर्धा उजेड, अर्धा अंधार यांची सीमा बरोबर फुलीवर आणायची. द्रवात शिरताना प्रकाश किती वाकतो, तो हा आकडा.

बाटल्या अकरा. पहिल्या बाटलीत निव्वळ अल्कोहोल, अकराव्यात निव्वळ अमीन, मधल्या नऊ बाटल्यांत मिश्रण, आणि सहा नंबर बरोबर निम्मं-निम्मं. सरांची शिस्त कडक. सकाळी सातला एक नंबर, संध्याकाळी सहाला अकरा नंबर, मधलं सगळं रांगेत. क्रम मोडायचा नाही म्हणजे नाही. मी एकदा आळस म्हणून चारच्या आधी पाच घेतला तर सरांनी मला दिवसभर ओल्या फडक्यानं बाटल्या पुसायला लावलं होतं. दुपारी बारा ते दोन त्यांना परीक्षेच्या ड्युटीवर जावं लागायचं. तेवढा वेळ पाच, सहा आणि सात नंबर बुचं काढून सेलशेजारी तसेच तिष्ठत राहायचे.

एप्रिल लागला आणि सगळं गाडं अडलं. द्रव कायम तीस अंशांवर ठेवायला आमच्याकडं पाण्याची टाकी होती, पण तिला फक्त तापवता यायचं. गार करायचं तिच्या बापालाही ठाऊक नव्हतं. मलकापूरच्या एप्रिलात प्रयोगशाळा दुपारी बेचाळीसवर. टाकीच्या हीटरचा दिवा बंद, तरी पाणी आपलं वर वर चाललेलं. सर कपाळाला हात लावून बसायचे. प्राचार्यांच्या खोलीत मात्र भलामोठा पत्र्याचा कूलर, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, आणि त्याच्या पुढ्यात डुलक्या घेणारे प्राचार्य. प्रयोगशाळेचे परिचर सुपडाभाऊ एकदा माझ्याकडं पाहत म्हणाले, "ताई, झोपणाऱ्याले थंडी कायले पायजे?" मी म्हटलं, "हाव न भाऊ." एवढ्यावर ठरलं.

रविवारी दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नसताना, सुपडाभाऊंनी किल्ली काढली. कूलर रिकामा केला, वर त्यांच्या घरची फुलाफुलांची चादर टाकली आणि आम्ही दोघांनी तो उचलला. मी उलटी चालत होते, सुपडाभाऊंचं तोंड चादरीत. व्हरांड्याच्या टोकाला प्रयोगशाळेचं दार, त्याला स्प्रिंग, आणि ते ढकलायला दोघांचेही हात मोकळे नाहीत. तेवढ्यात दार उघडलं. कुणीतरी मागं उभं राहून धरलं होतं. "पाहू नका ताई," चादरीतून सुपडाभाऊ कुजबुजले, "आपण पाह्यलं तं त्यालेबी पाहावं लागते." हे तर्कशास्त्र मला इतकं पटलं की मी मान खाली घालून तशीच आत शिरले. चौकीदार असेल, असं आम्ही धरून चाललो. आत आल्यावर कूलरच्या पाठीवर पांढऱ्या रंगात कॉलेजच्या सामानाचा नंबर दिसला. त्यावर मी जाड पुठ्ठा चिकटवला आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "आर्द्र-शीत तापमान संनियंत्रक. प्रयोग चालू. हात लावू नये." सोमवारी सरांनी ती पाटी वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली आणि काही न विचारता म्हणाले, "याचं तोंड सेलकडे करा."

त्याच आठवड्यात बाहेरची कुठलीशी समिती कॉलेज पाहायला आली. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन थेट आमच्या दारात! सुपडाभाऊंनी रामाचा धावा सुरू केला. प्राचार्य आत आले, त्यांना गार वारा लागला, आणि ते संनियंत्रकासमोर जे उभे राहिले ते हलेचनात. "हे आमचं संनियंत्रक," ते पाहुण्यांना म्हणाले, "ग्रामीण भागात अशी सोय विरळा." दहा मिनिटं घाम वाळवून झाल्यावर माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "माह्या खोलीतला कूलर कोण्या चोरट्यानं नेला, नाहीतर पाहुण्याले तिथंच बसवलं असतं." मी म्हटलं, "अवो बापा! काय हे लोक, सर!" देवानं मला हा चेहरा दिलाय, त्यानं आयुष्यभर माझी साथ दिली आहे.

आणि मग ते टेकाड निघालं. सरांनी अकरा बाटल्यांचे विजेचे आकडे आलेखाच्या कागदावर टिंब टिंब करून मांडले, टिंबं जोडली, आणि रेघ दोन्ही टोकांना खाली, मधोमध सहा नंबरवर चांगली टेकाडासारखी उचललेली. सरांनी कागद उभा धरला, आडवा धरला. "पुन्हा," ते म्हणाले. पुन्हा केलं, टेकाड. तिसऱ्यांदा केलं, टेकाड. तिन्ही रेघा एकमेकींवर बसत होत्या. असं टेकाड आम्ही चाळलेल्या एकाही लेखात नव्हतं. सर हेडफोन गळ्यात तसाच ठेवून खिडकीशी गेले. मग त्यांनी सुपडाभाऊंना स्टेशनवरून समोसे आणायला पाठवलं. टेकाडावरचा लेख पुण्याच्या परिषदेत वाचायला मंजूर झाला. बाईंनी सरांना नवा शर्ट शिवायला टाकला. स्टाफरूममध्ये "या, डॉक्टर" झालं तेव्हा सर पहिल्यांदाच म्हणाले, "येऊनच राह्यलो, सर."

घरी तेव्हा वाळवणाचे दिवस. ज्वारीच्या बिबड्या म्हणजे आमच्याकडचा वाळवणाचा राजा. ज्वारी तीन दिवस भिजवायची, कांडायची, शिजवायची, त्यात तीळ, जिरं, लसूण, आणि ओल्या फडक्यावर थापून गच्चीवर टाकायच्या. सगळ्या गल्लीत त्या आंबूस पिठाचा वास. दुपारी वाळलेल्या बिबड्या मधल्या खोलीत चादरीवर पसरल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी ऐसपैस पडले होते. गरम व्हायला लागलं म्हणून मी आमचा घरचा छोटा कूलर लावला आणि डोळा लागला. तासाभरानं मायच्या ओरडण्यानं जागी झाले. "सत्यानास! कूलर कोणं लावला वं? साऱ्या बिबड्या सादयल्या!" तिनं एक उचलून माझ्या नाकासमोर धरली. सकाळी कडकन मोडणारी बिबडी चामड्यासारखी वाकत होती. "एवढी शिकली, अन् कूलरच्या हवेत पाणी असते हे कोणं सांगायचं? वाळलेल्या जिनसेले पाणी लय लवकर लागते!"

मी उठून बसले. निव्वळ कोरडं अल्कोहोल आणि कोरडं अमीन म्हणजे बिबड्यांपेक्षाही हावरट, हवेतलं पाणी दिसलं की ओढलंच. आणि पाण्याचा विजेचा आकडा तर या दोघांच्या कितीतरी पट. एक नंबर आम्ही घ्यायचो सकाळी सातला, कूलर बंद. अकरा नंबर संध्याकाळी, कूलर पुन्हा बंद. आणि पाच, सहा, सात? ऐन दुपारी, बुचं उघडी, कूलरचं तोंड सेलकडे, फवाऱ्यासकट! रोज तोच क्रम म्हणून रोज तेच टेकाड. मी वही काढली आणि प्रकाशाचे आकडे पाहिले. सहा नंबरचा आकडा तिन्ही वेळा हवा त्यापेक्षा किंचित खाली. आम्ही तो डोळ्यांचा दोष म्हणून सोडून दिला होता. विजेचा आकडा वर आणि प्रकाशाचा खाली, हे पाण्याचंच लक्षण. आमचं टेकाड निव्वळ कूलरचं पाणी होतं. पुठ्ठ्यावर "आर्द्र" तर मीच लिहिलं होतं, माझ्या सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आत जाऊन मी ताजी सहा नंबर बाटली भरली आणि कूलर न लावता आकडा घेतला. शिट्टी भलत्याच ठिकाणी विझली. टेकाड नव्हतं. सुपडाभाऊ म्हणाले, "ताई, चूप राहा. सर पुण्याहून डॉक्टर होऊन येतील, कूलरले कोण पुसते?" खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी चूप राहिले. पुण्याला पंधरा दिवस उरले होते. सांगितलं तर सरांचं टेकाड जाणार, जुलै तोंडावर, खिळा रिकामाच. शिवाय चोरी उघडी पडणार. न सांगितलं तर पुण्यातल्या एखाद्या शहाण्यानं सगळ्यांसमोर विचारलं असतं, "तुमचं अल्कोहोल कोरडं होतं का?" आणि आमचे सर, ज्यांच्या "मले-तुले"वर ते लोक आधीच हसणार, तिथं उभे. तो देखावा डोळ्यांसमोर आला की मला जेवण जाईना. मायला वाटलं, मी आता खरंच बाहेर जेवते.

तिसऱ्या दिवशी मी डब्यात दोन बिबड्या घेतल्या, एक गच्चीवरची आणि एक कूलरसमोरची, आणि सरांच्या घरी गेले. सर बैठकीत नवा शर्ट घालून बाईंना दाखवत होते. खिळ्यावर कॅलेंडर. मी डबा उघडला. "सर, या मोडून पाहा." सरांनी पहिली मोडली, कडकन तुटली. दुसरी मोडायला गेले, ती वाकली. "ही सादळली," सर हसत म्हणाले. "कूलरसमोर होती, सर. तासभर." सर हसायचे थांबले. हातात वाकलेली बिबडी तशीच. मी पुढं काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "सहा नंबर सकाळी घेतला का?" "हाव सर. परवा. टेकाड नाही." बाई तोवर आत गेल्या होत्या, कढई वाजवत म्हणाल्या, "बिबड्या तयायच्या का हो?"

सर खाली बसले. नव्या शर्टाची वरची गुंडी त्यांनी काढली. "अकरा वर्षं झाली, शकुंतला," ते म्हणाले. "ते टेकाड पाह्यलं तेव्हा वाटलं, आपल्यालेबी काहीतरी सापडलं. इतक्या लोकाच्या मागून का होईना." मला रडू कोसळलं. रडतारडताच मी बाकीचंही ओकून टाकलं: "सर, तो कूलर प्राचार्यांचा आहे. मी आणि सुपडाभाऊंनी चोरून आणला. सगळं माझ्यामुळं झालं." सरांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे ओले होते, पण मिशीखाली काहीतरी हललं. "मालूम आहे मले." "तुम्हाले कसं?" "मंग त्या दिवशी दार कोणं धरलं होतं?" मी रडायचीच विसरले. "वही घ्याले आलो होतो मी. पाह्यलं तं फुलाफुलाची चादर चालत येऊन राह्यली. म्हटलं, नेऊन राह्यले तं नेऊ द्या, मलेबी लय गरम होत होतं. अर्धी चोरी माही आहे. अन् तो क्रम तं पूर्ण माहाच." मग बाईंना आवाज दिला, "अवं, तया त्या बिबड्या. सादळलेलीबी तया." शर्ट काढून घडी करून ठेवला आणि सायकल बाहेर काढली.

आठवडी बाजारातून सरांनी कळीचा चुना आणला, भिंती रंगवायचा. अल्कोहोल त्या चुन्यावर ठेवून कोरडं केलं आणि गाळून घेतलं, अमीनमध्ये कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या टाकल्या. सेलला घट्ट बूच. काम पहाटे पाच ते आठ, हवा तिशीच्या आत असेपर्यंत. आणि क्रम? ज्या माणसानं मला एका क्रमासाठी दिवसभर बाटल्या पुसायला लावल्या, त्यानं अकरा चिठ्ठ्या करून स्टीलच्या पेल्यात टाकल्या आणि सुपडाभाऊंना म्हटलं, "काढा." सुपडाभाऊ लॉटरी फुटल्यासारखे नंबर पुकारायचे, "आठ! आता तीन!" मी हेडफोनमध्ये शिट्टी विझवत बसायची आणि बाहेर स्टेशनवर गाडीचा भोंगा झाला की सगळेच थांबायचो. सहा दिवसांत रेघ निघाली. टेकाड नव्हतं. तिथं मधोमध एक उथळ खळगा होता, बोटाच्या नखाएवढा, आणि कितीही चिठ्ठ्या उलटसुलट केल्या तरी तो हलत नव्हता. अल्कोहोलनं अमीनचा हात धरला होता, तो हा एवढासा. प्रकाशाचे आकडेही आता त्याच्याशी भांडत नव्हते. सर त्याच्यावर बोट फिरवत म्हणाले, "टेकाड कूलरचं होतं. हा खळगा आपला."

पुण्याला मी, सर आणि बाई गेलो. सरांनी फळ्यावर दोन्ही रेघा काढल्या आणि बिबडीसकट सगळं सांगितलं. हशा झाला. पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, "पण चूक इथं कशाला वाचायची?" सर म्हणाले, "दुसऱ्यानं कूलर लावू नये म्हणून." पुन्हा हशा झाला, पण मागून एक म्हातारे प्राध्यापक उठले आणि त्यांनी सरांच्या वहीतून चुन्याची पद्धत उतरवून घेतली. परत येताना गाडीत सर खिडकीशी बसून गुणगुणत होते.

खरी कसोटी पुढं होती. प्रबंध प्राचार्यांच्या सहीशिवाय जाणार नव्हता, आणि जुलै संपायला तीन दिवस राहिले असताना सरांनी आभाराचं पान मला टंकायला दिलं. शेवटी लिहिलं होतं: प्राचार्यांच्या खोलीतला कूलर त्यांना न विचारता नेल्याबद्दल त्यांची माफी, आणि तो बंद का ठेवावा हे ज्यांच्या बिबड्यांनी दाखवलं त्या शकुंतलेच्या मातोश्रींचे आभार. मी हात जोडले. "सर, ही माफीची ओळ काढा. ते सही नाही करणार. अकरा वर्षं पाण्यात जातील!" सर म्हणाले, "चोरी लपवून खळगा दाखवला, तं मंग त्याच्यात अन् टेकाडात फरक काय राह्यला?" मी ओळ टंकली. टंकताना तीनदा चुकले.

प्राचार्यांनी प्रबंध उघडला तो आभाराच्या पानापासूनच. आपलं नाव कुठं आहे ते आधी पाहायची सवय सगळ्या प्राचार्यांना असते. मी स्वतः पुढं चार वर्षं त्या खुर्चीत बसले, मलाही होती. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, चष्म्यावरून आमच्या तिघांकडं पाहिलं आणि उठून तरातरा प्रयोगशाळेत गेले. आम्ही मागोमाग. कूलर कोपऱ्यात होता. त्यांनी माझा पुठ्ठा एका झटक्यात फाडला. खाली पांढरा नंबर. तो त्यांनी बोट ठेवून वाचला. "अन् मी लेका समितीले दाखवून राह्यलो होतो!" ते पुटपुटले. सुपडाभाऊंनी डोळे मिटले. "उचला," प्राचार्य म्हणाले.

आम्ही तिघांनी उचलला. या वेळी चादर नव्हती, व्हरांडाभर पोरं उभी होती आणि स्टाफरूमच्या दारात सगळा स्टाफ. मी पुन्हा उलटी चालत होते. प्राचार्यांच्या खोलीच्या दारालाही तसलीच स्प्रिंग. हात कुणाचेच मोकळे नव्हते. प्राचार्य आमच्यापुढं झाले, त्यांनी दार उघडलं आणि पाठीनं दाबून धरलं. "या, डॉक्टर," ते म्हणाले. मी स्टाफरूमकडं पाहिलं. कुणीही हसलं नाही. सरांच्या हातातला कूलरचा कोपरा थोडा खाली गेला, तो मी सावरला.

सही झाली. पदवी दिवाळीनंतर आली आणि खिळ्यावरचं कॅलेंडर उतरलं, पण मी सरांना डॉक्टर मानते ते त्या दुपारपासून. मायनं त्या दिवशी सकाळीच प्राचार्यांसाठी तळलेल्या बिबड्यांचा डबा दिला होता, राग आलाच तर द्यायला म्हणून. तो टेबलावर, प्राचार्यांनी लगेच चालू केलेल्या कूलरसमोर, उघडा राहिला. चहा येईपर्यंत सगळ्या सादळल्या, आणि आम्ही चौघांनी त्या तशाच खाल्ल्या.